न टेकता हजार वेळा

१९ एप्रिल १९८५. फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्राच्या धावपट्टीवर ‘डिस्कव्हरी’ हे शटल उतरलं. कमांडर होते कॅरल बॉब्को. आत बसलेल्यांत जेक गार्न हे अमेरिकेचे विद्यमान सिनेटरही होते. वारा आडवा होता. मधल्या रेषेवर राहायचं तर एका बाजूचा ब्रेक दुसऱ्यापेक्षा जास्त दाबत राहावं लागत होतं, कारण पुढचं चाक वळवायची व्यवस्था तेव्हा भरवशाची मानली जात नव्हती. शटल थांबायला आलं असताना उजवीकडचा ब्रेक जाम झाला, फिरणारं चाक फरफटत गेलं आणि आतल्या बाजूचा टायर फुटला. कुणाला इजा झाली नाही. पण त्यानंतर नोव्हेंबर १९९० पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, एकही शटल त्या धावपट्टीवर उतरलं नाही.

शटल उतरवणारी माणसं कसून तयार केलेली असत. कमांडर व्हायचं तर हजाराच्या आसपास लँडिंगं केलेली असावी लागत, आणि तीही खऱ्या जेट विमानातून, खऱ्या धावपट्टीवर. फक्त त्या हजारांपैकी एकदाही चाक जमिनीला लागलेलं नसे. सराव सगळा टेकण्याच्या आधीचा, आणि केनेडीला जे बिघडलं ते टेकल्यानंतरचं. जेट विमान उतरवायला शिकताना टायर किती झिजवायचे, हा हिशेबी वाटणारा प्रश्न मला या दोन गोष्टींमधल्या फटीत सापडला आणि मग सुटेना.

गाडी शिकलेल्या कुणालाही हा प्रश्न तसा परका नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारी बसलेले मास्तर पहिल्या दिवसापासून ओरडत असतात: क्लचवरचा पाय काढा. शिकाऊ माणसाच्या पायाखाली क्लचप्लेट जाते, पण पाय ठेवल्याशिवाय क्लच कळत नाही. विमानात क्लचप्लेटच्या जागी टायर आणि ब्रेक असतात. त्यांच्या किमती मोठ्या, आणि ते गेले तर रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नाही.

*

आधी त्या एका क्षणात काय होतं ते पाहू. पंखाजवळच्या खिडकीत बसलेल्या प्रवाशाला चाकं टेकताना पांढुरका धूर दिसतो. हवेत असताना चाक स्थिर असतं आणि खालची जमीन ताशी सुमारे २५० किलोमीटरने मागे पळत असते. देशांतर्गत प्रवासात आपण कधी ना कधी ज्यात बसतो त्या बोइंग ७३७ च्या मुख्य चाकाचा टायर साधारण ११३ सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्या वेगाशी जुळायचं तर त्याला सेकंदाला वीसेक फेऱ्या घ्याव्या लागतात, आणि स्थिर अवस्थेपासून तिथपर्यंत तो क्षणार्धात पोहोचतो. तेवढ्या क्षणात रबर घासतं, तापतं, जळतं. थोडं धुरात जातं आणि थोडं धावपट्टीला चिकटतं. विमानं टेकतात त्या पट्ट्यात डांबराचा किंवा काँक्रीटचा मूळ रंग झाकणारे काळे ओरखडे दिसतात ते हे रबर. थर साचला की पावसात घसरण वाढते, म्हणून ते अधूनमधून जबर दाबाच्या पाण्याने खरवडून काढावं लागतं.

मग टेकण्याआधीच चाक फिरवून का ठेवत नाहीत? ही कल्पना फार जुनी आहे. टायरच्या बाजूला पाती लावून वाऱ्यावर चाक फिरवायचं, नाहीतर छोटी मोटर बसवायची, अशी पेटंटं कित्येक दशकांपासून निघत आली आहेत. पण ती मोटर विमानाला आयुष्यभर वाहून न्यावी लागते, तिची देखभाल करावी लागते, आणि तिने वाचवलेलं रबर त्या खर्चाला पुरत नाही. धूर डोळ्यांना दिसतो म्हणून सगळी झीज तिथेच होते असं वाटतं. प्रत्यक्षात झिजेचा मोठा वाटा पुढे असतो: ब्रेक लागतात तेव्हा, विमान जमिनीवर कोपरे घेतं तेव्हा, आणि आडव्या वाऱ्यात नाक तिरकं ठेवून आलेलं विमान सरळ न करताच टेकवलं तर चाक आडवं घासतं तेव्हा.

हे टायर दिसायला साधे असले तरी त्यांची जात वेगळी. आपल्या मोटारीत हवा ३२ ठेवतात, ७३७ च्या टायरमध्ये तो आकडा २०० च्या आसपास असतो. भरलेला असतो नायट्रोजन, म्हणजे ब्रेक लालबुंद तापले तरी आतल्या वायूपासून आगीचा धोका नको. चाकात वितळणारी बुचं बसवलेली असतात. उष्णता मर्यादेपलीकडे गेली की बूच वितळतं आणि टायर फुटण्याऐवजी शांतपणे बसतो. वरची नक्षी गेली तरी टायर भंगारात निघत नाही. सांगाडा तपासून त्यावर नवा थर चढवतात, आपल्या ट्रकवाल्यांच्या भाषेत रिमोल्ड करतात, आणि हे एकाच सांगाड्यावर अनेकदा होतं. गोटा झालेला टायर विमानाला चालत नाही, पण रिमोल्ड केलेला अगदी राजमान्य असतो.

*

नवा वैमानिक मोठ्या जेटवर येतो तेव्हा त्याचं बहुतेक शिक्षण सिम्युलेटरमध्ये झालेलं असतं. आग, इंजिन बंद पडणं, धुकं, सगळं तिथे अनुभवून झालेलं असतं. त्यानंतर त्याला एका रिकाम्या विमानात बसवतात आणि एखाद्या मोकळ्या विमानतळावर फेऱ्या घ्यायला लावतात: उड्डाण, डावीकडे किंवा उजवीकडे वळत धावपट्टीला समांतर, पुन्हा वळून खाली, टेकणं. या फेरीला सर्किट म्हणतात. युरोपच्या नियमांत नवख्यासाठी अशी सहा लँडिंगं सांगितलेली आहेत. अनुभवी वैमानिकाला नवं विमान शिकताना, पुरेशा दर्जाचा सिम्युलेटर असेल तर, तीही माफ होऊ शकतात. तो थेट प्रवासी असलेल्या विमानात, शेजारी प्रशिक्षक ठेवून, पहिलं खरं लँडिंग करतो.

या सहा फेऱ्या कशा घेतल्या जातात ते पाहण्यासारखं आहे, कारण टायर आणि ब्रेक वाचवण्याची सारी कला त्यात आहे. प्रत्येक वेळी पूर्ण थांबायचं ठरवलं तर ब्रेक तापतात. तापलेले ब्रेक निवायला वेळ लागतो आणि ती उष्णता हळूहळू चाकात, टायरात उतरत राहते. म्हणून ‘टच अँड गो’ करतात. चाकं टेकतात, विमान पळत राहतं आणि थांबण्याऐवजी पुन्हा उडतं. स्वयंचलित ब्रेक बंद ठेवलेले असतात. पंखांवरच्या उचल मोडणाऱ्या झडपा आपोआप उघडू नयेत म्हणून सज्ज केलेल्या नसतात. चाकं टेकली की प्रशिक्षक फ्लॅप उड्डाणाच्या जागी आणतो, शेपटाचा ट्रिम सरळ करतो. विद्यार्थी थ्रॉटल अर्धवट उभे करतो, म्हणजे दोन्ही इंजिनांना एकसारखा जोर धरायला सवड मिळते. मग प्रशिक्षक ‘गो’ म्हणतो आणि पुढची फेरी सुरू होते. उलट्या जोराचा दांडा एकदा ओढला की मात्र पुन्हा उडायचं नाही, थांबायचंच, हा नियम पक्का.

त्या काही सेकंदांत प्रशिक्षकाचे हात आणि विद्यार्थ्याची नजर यांची वाटणी झालेली असते. विद्यार्थ्याने बाहेर बघायचं, मधल्या रेषेवर राहायचं, बाकी सगळं दुसऱ्याने करायचं. टायर त्या फेरीत एकदाच घासला जातो, टेकताना. ब्रेकची, जोरदार वळणाची, गरम चाकं घेऊन लांब टॅक्सी करण्याची झीज वाचते. फेऱ्यांमध्ये कुठे थांबावं लागलंच, तर पुढच्या फेरीत चाकं लगेच आत न घेता थोडा वेळ वाऱ्यावर ठेवतात, म्हणजे ब्रेक निवतात.

बाकीच्या सवयी साध्या आहेत आणि रोजच्या उड्डाणांतही तितक्याच लागू पडतात. जागेवर गर्रकन वळू नये, कारण तेव्हा आतल्या बाजूचं चाक जवळजवळ फिरतच नाही, नुसतं रगडलं जातं. कार्बनचे ब्रेक किती जोराने लावले यापेक्षा किती वेळा लावले यावर जास्त झिजतात, म्हणून टॅक्सी करताना सारखं पाय ठेवून रांगू नये, वेग वाढू द्यावा आणि एकदाच नीट दाबावा. हवा कमी असलेला टायर आतून तापतो आणि त्याचा दोष वरून दिसत नाही, म्हणून दाब रोज तपासावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अलगद टेकवण्याच्या नादात धावपट्टीवर तरंगत राहू नये. प्रवाशांना अलगद लँडिंग आवडतं. पण तरंगण्यात गेलेली प्रत्येक शंभर मीटर धावपट्टी पुढे ब्रेकमधून वसूल करावी लागते, म्हणजे टेकताना वाचवलेलं रबर थांबताना दुपटीने जातं.

*

शटलला यातलं काहीच शक्य नव्हतं. परतताना त्याला इंजिनाचा जोर नसायचा. अवकाशातून आलेलं, सुमारे शंभर टनांचं, आखूड पंखांचं ते ग्लायडर एकदा खाली निघालं की दुसरी संधी नाही. प्रवासी विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं, शटल १८ ते २० अंशांच्या कड्यावरून यायचं. शेवटच्या दोनेक हजार फुटांत कमांडर नाक उचलायचा. चाकं जमिनीपासून सुमारे तीनशे फुटांवर असताना बाहेर काढली जायची, आणि ती पुन्हा आत घेण्याची यंत्रणाच हवेत उपलब्ध नसे. टेकण्याचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्या घरात.

आणि टायर? मुख्य चाकांचे चार टायर होते, व्यासाने जवळजवळ ७३७ च्या टायरएवढेच. दाब मात्र ३४० च्या आसपास. एकदा वापरून झाला की मुख्य टायर बाद. रिमोल्ड वगैरे काही नाही. एका लँडिंगसाठी बनवलेली वस्तू होती ती, आणि केनेडीच्या धावपट्टीवर तेवढंही आयुष्य कधी कधी कसंबसं पुरायचं. टेकताक्षणी जिथे घासला जाई त्या एका ठिपक्यावर वरचं रबर जाऊन आतले धाग्यांचे थर उघडे पडत.

असं यान उतरवायचा सराव करायचा कसा? नासाने त्यासाठी व्यावसायिकांच्या वापरातली गल्फस्ट्रीम-२ जातीची विमानं घेतली आणि त्यांना वाईट उडायला शिकवलं. डाव्या सीटसमोर शटलची यंत्रं बसवली, तशीच हातात घ्यायची दांडी, समोरच्या काचेवर तसेच आकडे. उजवीकडे प्रशिक्षकासाठी नेहमीची यंत्रं राहिली. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या वाळवंटावर सुमारे ३५,००० फुटांवरून कवायत सुरू व्हायची. मुख्य चाकं बाहेर काढायची आणि चक्क हवेत असताना इंजिनांचा जोर उलटा करायचा. शानदार, निमुळतं जेट मग विटेसारखं पडू लागे, अगदी शटलसारखं. संगणक मध्ये बसून दांडीची हालचाल शटलच्या वजनाच्या भाषेत उतरवत असे.

शेवटचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. खरं शटल टेकतं तेव्हा कमांडरचे डोळे जमिनीपासून ३२ फुटांवर असतात, इतकं ते यान उंच. गल्फस्ट्रीम लहान आहे. तिचं चाक टेकेपर्यंत खाली गेलं तर माणूस चुकीच्या उंचीवरून बघायला शिकेल. म्हणून डोळे ३२ फुटांवर आले, वेग बरोबर असला, की समोर हिरवा दिवा लागे: तुम्ही टेकलात. त्या वेळी गल्फस्ट्रीमची चाकं अजून २० फूट वर असत. प्रशिक्षक उलटा जोर बंद करी, विमान वर काढी आणि पुन्हा तेच. एका उड्डाणात साधारण दहा वेळा. हजार वेळा खाली यायचं आणि एकदाही टेकायचं नाही, यात टायरची बचत झालीच, पण मुळात डोळ्यांचं प्रशिक्षण अचूक व्हावं यासाठी ते होतं. खाली येणारी जमीन कधी फुगू लागते, नाक कधी उचलायचं, हे माणूस डोळ्यांनी शिकतो, आणि डोळ्यांना टेकायची गरज नसते.

*

पण चाकांना असते. हे ज्यांना शरीराने ठाऊक होतं अशा माणसांत गॉर्डन फुलरटन यांचं नाव मी पहिलं घेईन.

२६ ऑक्टोबर १९७७ ला ‘एंटरप्राइज’ हे चाचणीचं शटल बोइंग ७४७ च्या पाठीवरून सोडलं गेलं. फ्रेड हेझ कमांडर, फुलरटन शेजारी. आधीच्या चार चाचण्या कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्सच्या विस्तीर्ण कोरड्या तळ्यावर उतरल्या होत्या. ही पहिलीच काँक्रीटच्या धावपट्टीवर होती, आणि पाहायला ब्रिटनचे प्रिन्स चार्ल्स आले होते. ठरलेल्या बिंदूवर टेकवण्याच्या प्रयत्नात दांडीची हालचाल आणि यानाचा प्रतिसाद यांची लय चुकली. यान टेकलं, उसळलं, डावी-उजवीकडे डोलू लागलं आणि मग पुन्हा बसलं. पुढे ३० मार्च १९८२ ला जॅक लाउस्मा आणि फुलरटन यांनी ‘कोलंबिया’ व्हाइट सँड्सवर उतरवलं. तिथे उतरलेलं ते एकमेव शटल. मुख्य चाकं टेकली, नाक खाली येऊ लागलं, मध्येच पुन्हा वर उचललं गेलं, मग खाली आलं. दोन्ही वेळा अडचण शेवटच्या फुटांत आणि टेकल्यानंतरच्या सेकंदांत होती.

नाक खाली येण्याचा हा प्रकार टायरच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शटल टेकलं तरी त्याचं नाक वर असे आणि पंख काही भार उचलून धरीत. नाक खाली आलं की पंखांचा कल उलटा होई आणि ते यानाला वर उचलण्याऐवजी खाली दाबू लागत. मुख्य टायरांवरचा सर्वांत मोठा भार टेकताना नाही, तर त्यानंतर काही सेकंदांनी येई, जेव्हा चाकाचा एक ठिपका आधीच घासून पातळ झालेला असे. त्यात आडवा वारा असला तर एका बाजूच्या टायरांवर जास्त. १९८५ नंतरच्या तपासाने लोकांचं लक्ष इथे वळलं.

*

केनेडीच्या धावपट्टीचा दोष म्हणावा तर तो चांगल्या हेतूचा दोष होता. ती ४,५७२ मीटर लांब आणि ९१ मीटर रुंद. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आत आहे. फ्लोरिडात पाऊस फार, म्हणून काँक्रीटमध्ये आडव्या खाचा पाडल्या होत्या, पाणी झरकन निघून जावं म्हणून. या खाचांमागे नासाच्याच लोकांचं संशोधन होतं. व्हर्जिनियातल्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात शोधलं की ठरावीक वेगापुढे टायर पाण्यावर तरंगतो, आणि मग ब्रेकला काही अर्थ उरत नाही. त्यांचं सूत्र सोपं आहे: टायरमधल्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये. ७३७ च्या २०० दाबाला ते १२७ नॉट येतं, ताशी २३५ किलोमीटर. आपल्या मोटारीच्या ३२ ला ५१ नॉट, ताशी ९४ किलोमीटर. जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरने जाणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा.

उपाय म्हणून खाचा आल्या. वॉलॉप्स बेटावर खाचांच्या धावपट्टीची चाचणी घेतली गेली तेव्हा एक कॉन्व्हेअर ९९० जातीचं चार इंजिनांचं जेट वापरलं होतं. या जातीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. जगभरच्या धावपट्ट्यांवर खाचा आल्या आणि त्यांनी पावसात असंख्य विमानं वाचवली. पण ७३७ ला वाचवणारी खाच शटलच्या टायरला कानशीसारखी लागली. जवळजवळ पावणेदोन पट दाब, जवळजवळ दीडपट वेग, आणि तेवढ्याच आकाराच्या रबरावर कितीतरी जास्त वजन. पाण्यासाठी खरखरीत केलेली जमीन कोरड्या दिवशी टायर खात होती, आणि शटल बहुधा कोरड्या दिवशीच उतरायचं.

नोव्हेंबर १९९० पर्यंत शटल एडवर्ड्सलाच उतरत राहिलं. तिथलं कोरडं तळं सपाट आणि चहूकडे मोकळं. पण तिथून फ्लोरिडाला ७४७ च्या पाठीवर घालून न्यायला आठवडाभराची मेहनत आणि मोठा खर्च. मे १९९२ मध्ये ‘एंडेव्हर’च्या पहिल्या मोहिमेत मागे उघडणारं पॅराशूट प्रथम वापरलं गेलं, म्हणजे ब्रेकवरचा ताण कमी झाला. टायरचा आणि धावपट्टीचा प्रश्न उरला.

त्यासाठी कुणीतरी खरोखर टेकणं भाग होतं. खरं शटल वापरून टायर फोडून पाहणं शक्य नव्हतं. तेव्हा नासाने पुन्हा एक कॉन्व्हेअर ९९० घेतलं. साठच्या दशकात ते आपल्या काळातलं सर्वांत वेगवान प्रवासी जेट म्हणून ओळखलं जाई, आणि वेग हवाच होता. पोटाखाली, त्याच्या स्वतःच्या चाकांच्या मधोमध, शटलचं एक चाक बसवलं. विमान आपल्या चाकांवर उतरे आणि धावत असताना हायड्रॉलिक जोराने ते मधलं चाक खाली दाबलं जाई, वजन वाढवत, तिरकं करत, आडव्या वाऱ्यातल्यासारखं. १९९३ ते १९९५ या काळात हे चाललं. वैमानिक होते फुलरटन.

यातलं फुलरटन यांचं काम मला फार थोर वाटतं. ज्यांनी स्वतः शटल उतरवलं होतं, ते आता फक्त टायर झिजवण्यासाठी, फोडण्यासाठी धावपट्टीवर पुन्हा पुन्हा उतरत होते. एका मोठ्या जेटने, प्रचंड वेगाने, मुद्दाम नासवलेलं चाक जमिनीवर दाबत. फुटलेल्या टायरनंतर उघडी रिम काँक्रीटवर किती टिकते तेही त्यांनी पाहिलं. ३४० दाबाचा, झिजलेला, तापलेला टायर म्हणजे बाँबच. त्याच्याजवळ माणसाने जायचं कसं? तर जर्मन रणगाड्याच्या खेळण्यातल्या प्रतिकृतीवर कॅमेरा आणि ड्रिल बसवून दूरनियंत्रणाने ती टायरपाशी पाठवायची आणि भोक पाडून वायू सोडायचा. अब्जावधी डॉलरच्या कार्यक्रमातला हा उपाय अगदी थोडक्या पैशांत झाला.

निष्कर्ष असा निघाला की बदलायला हवी ती जमीन. दोन्ही टोकांचा, चाकं टेकतात तो भाग आधीच घासून सपाट केला होता. १९९४ मध्ये पोलादी छऱ्यांचा मारा करून सगळ्या धावपट्टीचा खरखरीतपणा उतरवला. पाणी निघून जाण्यापुरता ठेवला, टायर खाण्यापुरता काढला. आडव्या वाऱ्याची मर्यादा १५ नॉटवरून २० नॉटपर्यंत वाढवता आली. शेवटची मोहीम २१ जुलै २०११ ला केनेडीलाच उतरली. शटल एकूण १३३ वेळा परतलं: ७८ केनेडीला, ५४ एडवर्ड्सला, एक व्हाइट सँड्सला.

*

आपल्या जवळची एक जागा आहे जिथे गल्फस्ट्रीमची युक्ती चालत नाही. गोव्याला अनेक वर्षं जाणाऱ्यांना आठवत असेल, कामाच्या दिवशी सकाळी दाबोळीला नागरी विमानं नसत. तो वेळ नौदलाच्या ‘आयएनएस हंसा’चा. त्या तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवरची प्रतिकृती उभी केलेली आहे, उड्डाणासाठी वर वळलेला उतार आणि उतरण्यासाठी आडव्या पोलादी तारा. जहाजावर उतरणारा वैमानिक शेवटी नाक उचलत नाही. ठरलेल्या उतारावरून थेट आदळतो, शेपटाखालच्या आकड्याने तार पकडायची असते, आणि चाकं टेकताच थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायचा, कारण तार चुकली तर पुन्हा उडायचं आहे. तिथे आदळणं हेच शिकायचं असतं. वीस फुटांवर हिरवा दिवा लावून भागत नाही.

नौदलाच्या तेजस लढाऊ विमानाचं त्या उतारावरून पहिलं उड्डाण २० डिसेंबर २०१४ ला झालं. तार पकडून थांबणं तिथेच, १३ सप्टेंबर २०१९ ला. त्यानंतर चार महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० ला, कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान ‘विक्रमादित्य’च्या डेकवर उतरवलं. जमिनीवरच्या तारांपासून समुद्रातल्या तारांपर्यंतचा तो पल्ला दाबोळीच्या काँक्रीटवर चाकं आपटून, टायर खर्चूनच गाठता आला.

मला जे म्हणायचं आहे ते या दोन टोकांमध्ये आहे. डोळ्यांनी शिकायचं ते न टेकता शिकता येतं, आणि तिथे एकही टायर वाया घालवू नये. हजार वेळा खाली यावं, सिम्युलेटरमध्ये यावं, गल्फस्ट्रीमसारखी युक्ती सापडली तर तीही वापरावी. पण चाक जमिनीला लागल्यापासून पुढचं ज्ञान, ब्रेकवरच्या पायाचं, वाऱ्यात सरळ राहण्याचं, नाक हळू खाली आणण्याचं, ते शरीराला मिळतं, आणि त्याची किंमत रबरात मोजावी लागते. सिम्युलेटर खूप पुढे गेले आहेत, तरी शेवटच्या वीस फुटांतली जमीन पडद्यावर फुगत नाही तशी प्रत्यक्षात फुगते.

नव्या वैमानिकांची संख्या आपल्या देशात झपाट्याने वाढते आहे. त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च कुठे कमी करायचा हे ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. टायर वाचवायचे तर टॅक्सीतले वाचवा, उगाच गर्रकन वळण्यातले वाचवा, हवेचा दाब रोज तपासून वाचवा. नवख्याला रिकाम्या विमानात खऱ्या धावपट्टीवर मिळणाऱ्या त्या थोड्या लँडिंगांना मात्र हात लावू नका.